लोव्रेचा पंप आणि फ्लोरियानची चादर

"बादलीला काय धाड भरलीय?" येल्काने विचारलं.

लोव्रेने काटा ताटात ठेवला. असा प्रश्न बायको विचारणार हे त्याला माहीत होतं. उत्तर त्याने सकाळीच जाळी आवरताना तयार करून ठेवलं होतं.

"बादलीने डेक ओला होतो, येल्का. स्वच्छ होत नाही. यंदा आपल्या होडीत फ्लोरियान बसणार आहे, तारल्यांच्या पेट्या नाही. मी पंप घेतोय. समुद्राचं पाणी खालून खेचायचं, वरून जोरात मारायचं. खास डेक धुवायचा पंप."

"फ्लोरियान बसत नाही. उभा असतो."

"बरं, उभा. उभा राहिला तर खालचं जास्त दिसतं. म्हणून तर पंप."

फ्लोरियान म्हणजे आमच्या गावाचा संत. आगीपासून वाचवणारा. लाकडाचा आहे, गाल गुलाबी, डोक्यावर सोनेरी शिरस्त्राण, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात बादली. मे महिना लागला की त्याचा उत्सव. त्या दिवशी एक होडी त्याला घेऊन खाडीपलीकडच्या पेलिन्ये गावासमोरून फिरवून आणते. धक्क्यावर होड्या जशा बांधलेल्या असतात त्या क्रमाने पाळी येते, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात एकदाच. नशीब असेल तर.

आणि संताच्या पायाखाली चर्चची पांढरी तागाची चादर अंथरतात. परत आल्यावर ती चादर चर्चच्या पायरीवर उभं राहून उन्हात धरायची, आणि सगळं गाव मान वर करून बघणार. चादर स्वच्छ, तर होडीवाल्याच्या घराची मान वर. डाग दिसला, तर मग विचारू नका.

लोव्रेच्या वडिलांची पाळी आली तेव्हा डाग दिसला होता. कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. माकुळाची शाई, ते घाबरलं की सोडतं ती काळी. डेकच्या फटीत कुठेतरी राहून गेली होती. त्या दिवसापासून ते घर 'डागवाल्यांचं'. आता आमच्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एकच आहे, त्यामुळे घराला टोपणनाव नसेल तर पोस्टमनसुद्धा चक्रावतो. लोव्रे शाळेत डागवाला होता. सैन्यात गेला तर तिथे गावचाच एक जण निघाला, म्हणून तिथेही डागवाला. लग्न ठरल्याचं चर्चमध्ये जाहीर करताना पाद्री म्हणाला, "डागवाल्यांचा लोव्रे." येल्का माहेरची 'पहाटेवाल्यां'ची. इतकं सुंदर नाव सोडून ती डागवाल्यांत आली, आणि भांडणात ही गोष्ट एकदा तरी निघायचीच.

तेव्हा पंप हा पंप नव्हता. घराचं नाव होतं ते.

*

लोव्रे बोटीने स्प्लिट शहरात गेला. बंदरामागच्या गल्लीत कुझ्माचं दुकान आहे. कुझ्मा जाडा, चष्मा कपाळावर, आणि गिऱ्हाइकाला आधी परीक्षेला बसवायचं ही त्याची पद्धत.

"पंप हवाय."

"कशाला?"

"डेक धुवायला."

"गोड्या पाण्याचा की खाऱ्या?"

"होडी लाकडी आहे माझी. तिला कुणी गोडं पाणी लावलं तर हात तोडीन त्याचा."

कुझ्माने चष्मा डोळ्यांवर घेतला. माणूस कामाचा दिसतोय, असं त्याला वाटलं असावं. पावसाचं पाणी फटीत मुरलं की लाकूड कुजतं, खारं पाणी उलट टिकवतं. हे आमच्याकडे चालायला शिकायच्या आधी शिकवतात.

त्याने काउंटरवर पहिला पंप ठेवला. छोटा, चकचकीत.

"हा सगळ्यात जास्त खपतो," कुझ्मा म्हणाला. "फिरत्या घरांच्या गाड्या असतात ना, त्यांच्या नळासाठी आहे. लोक स्वस्त बघून होडीवर लावतात. एक हिवाळा खारं पाणी प्यायला की आतून गंजतो. मग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवायला बरा पडतो."

"हा नको."

दुसरा पंप दोन हातांनी उचलून आणावा लागला.

"याने तू चर्च धुशील. मनोऱ्यासकट. पण दुपारपर्यंत बॅटरी झोपेल. मग इंजिन कशावर सुरू करणार? वल्ही आहेत का?"

लोव्रेचं मन त्या पंपावर जरा रेंगाळलं. चर्च धुवायचा विचार वाईट नव्हता. पण उत्सवाच्या दिवशी पेलिन्येसमोर वल्ही मारत परत यायचं हे डोळ्यांसमोर आलं आणि तो म्हणाला, "हाही नको."

मग तिसरा. मधला. कुझ्माने तो हळूच ठेवला, बाळाला ठेवावं तसा.

"आत रबरी पडदा आहे. पाणी स्वतःच ओढून घेतो, आधी भरून द्यावं लागत नाही. चुकून थोडा वेळ कोरडा चालला तर जळत नाही. पाणी लागतं त्या भागात गंजण्यासारखं काहीच नाही. वायर जाड घाल, मध्ये फ्यूज घाल. आणि खालच्या नळीला जाळी. गवत आत गेलं की संपलं."

"बंद पडेल का?"

"हा? तू बंद पडशील."

"वास मारेल का?"

"पंप?"

"आवाज?"

"अरे बाबा, पंप आहे. लग्न लावतोयस का त्याच्याशी?"

मागे रांग लागली होती. एकाला नुसते खिळे हवे होते आणि तो आशा सोडून खोक्यावर बसला होता. लोव्रेने वॉशर कशाचे आहेत तेही विचारलं, पडदा कुणाला बदलता येतो तेही विचारलं, आणि एवढं सगळं विचारून परतीची बोट चुकवली. पुढच्या बोटीत तो खोकं मांडीवर घेऊन बसला. चित्राची बाजू लोकांकडे करून.

*

धक्क्यावर बार्बा झाने नेहमीच्या दगडावर बसला होता. आमच्याकडे समुद्रावर म्हातारा झालेल्या माणसाला बार्बा म्हणतात, आणि झाने तर बार्बांचा बार्बा. त्याने खोक्याकडे बघितलं, मग लोव्रेकडे.

"काय आणलंस?"

"पंप, बार्बा. डेक धुवायचा."

"संत स्वतः हातात बादली घेऊन उभा आहे. आणि त्याची होडी धुवायला याला पंप लागतो."

"फ्लोरियानला कुझ्माचं दुकान माहीत नव्हतं, बार्बा."

"माहीत असतं तरी गेला नसता. त्याला आग विझवायची घाई होती."

लोव्रेने मनावर घेतलं नाही. कामाला लागला. पहिलाच प्रश्न नळीचा. सगळे म्हणाले, पाणी घ्यायला होडीच्या तळाला भोक पाड, तिथे नळी बसव, तेच शिस्तीचं काम.

"माझ्या बापाच्या होडीला भोक? पाण्याखाली? मी?"

"लोक पाडतात रे."

"लोक पाडू देत. 'गारोफुल'ला भोक नाही पडणार."

त्याने पाणी ओढायची नळी बाजूने वरून पाण्यात सोडली, टोकाला पितळेची जाळी. वायर सांगितल्यापेक्षा जाड घातली. फ्यूज घातला. बटण इंजिनाशेजारी, केबिनच्या आत, पाणी लागू नये असं. आणि संध्याकाळी सगळा धक्का जमलेला असताना त्याने पंप चालू केला.

काय धार लागली! सरळ, जाड, डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फटीतला मागच्या वर्षीचा खवला उडून पाण्यात पडला. बायका 'आई गं' म्हणाल्या. लोव्रे एका हाताने नळी धरून दुसरा हात कमरेवर ठेवून उभा राहिला. त्याला तसं उभं बघून कुणालाही वाटलं असतं की समुद्र त्यानेच शोधला.

मग धार बारीक झाली. मग थुंकल्यासारखी. मग बंद.

"बंद पडला," बार्बा झाने समाधानाने म्हणाला.

"पंप नाही पडला! जाळी भरली!"

खरंच भरली होती. दक्षिणेचा वारा वाहून गेला की बंदरात समुद्री गवताची तपकिरी पानं भरून येतात. लोव्रेने जाळी काढली, साफ केली, सोडली. पुन्हा भरली. पुन्हा साफ केली, पुन्हा भरली. पंप बिचारा तयार होता, गवत ऐकत नव्हतं. धक्क्यावरची माणसं हळूहळू जेवायला निघून गेली, आणि हे लोव्रेला सगळ्यात जास्त लागलं.

मग त्याला सुचलं. आमच्याकडे प्रत्येक होडीच्या बाजूला दोरीने एक लाकडी पिंजरा पाण्यात लटकवलेला असतो. भोकाभोकांचा, झाकणाचा. पकडलेला जिवंत माल त्यात ताजा राहतो. लोव्रेचा पिंजरा त्या दिवशी रिकामा होता. पाणी आत येतं, गवत येत नाही. यापेक्षा चांगली जाळी कुठल्या कारखान्यात मिळणार? त्याने ओढायच्या नळीचं टोक पिंजऱ्यात घातलं, तळाशी बांधलं, झाकण लावलं.

पंप एकदाही अडला नाही. अंधार पडेपर्यंत लोव्रेने डेक धुतला, मग ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा धुतला.

रात्री जेवताना त्याने येल्काला सगळं सांगितलं. पडदा कसा हलतो, पाणी कसं ओढतो, वायर जाड का, गवताची काय भानगड झाली आणि मग पिंजऱ्याची काय युक्ती केली. येल्का मान हलवत होती. खरं सांगायचं तर ती रबरी पडद्यापर्यंतच ऐकत होती. त्यापुढे ती मनातल्या मनात तांदूळ मोजत होती.

*

तांदूळ यासाठी की ज्याची होडी, त्याच्याकडे जेवण. पाद्री, बँडवाले, संताला उचलणारे, सगळे. आणि फ्लोरियानच्या दिवशी आमच्याकडे काळा भात असतो, माकुळाचा, त्याच्याच शाईत शिजवलेला. तो खाताना दात काळे झाले नाहीत तर उत्सव झाला असं कुणी मानत नाही.

लोव्रेच्या जाळ्यात त्या आठवड्यात माकूळ चिक्कार लागलं होतं. पहाटे येल्काने धक्क्यावर बसून अर्धं साफ केलं. शाईच्या पिशव्या फुटू न देता मोठ्या वाडग्यात काढल्या. एवढ्यात चर्चची पहिली घंटा झाली आणि अजून तिला केस धुवायचे होते. उरलेलं जिवंत माकूळ कुठे ठेवायचं? जिथे नेहमी ठेवतात तिथे. तिने पिंजरा वर ओढला, झाकण उघडलं, माकूळ आत सोडलं, झाकण लावलं, पिंजरा पाण्यात. आत तळाशी एक नळी आहे हे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तरी तिला वाटलं असतं, लोव्रेचं काहीतरी असेल.

मिरवणूक उतरून धक्क्यावर आली. पुढे बँड, पांढरेशुभ्र शर्ट. मग डोन बेर्नार्द, आमचा पाद्री, सणाच्या पांढऱ्या झग्यात. मग चौघांच्या खांद्यावर फ्लोरियान. आणि होडीच्या अगदी जवळ, दोन्ही हातांवर घडी घातलेली चादर घेऊन, श्योरा फिलोमेना. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला श्योरा म्हणतात, आणि चादर या श्योराच्या ताब्यात असते. ती लोव्रेच्या वडिलांच्या वेळीही तिच्याच ताब्यात होती. डाग पहिल्यांदा दिसला तोही तिलाच.

'गारोफुल' झकास दिसत होती, यात वाद नाही. डेक इतका पांढरा की डोळे मिटावेत. श्योरा फिलोमेनाने वाकून बघितलं, फटीत बोट घातलं, बोटाकडे बघितलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. जरा निराश झाल्यासारखी.

आता इथे लोव्रेने हात बांधून गप्प उभं राहायचं. बस. गोष्ट संपली असती. पण सगळं गाव समोर, बँड समोर, आणि डोन बेर्नार्दने पंप अजून बघितला नव्हता.

"एक शेवटचा हात मारून घेतो," लोव्रे म्हणाला. "फादर, बघा हं. नुसतं समुद्राचं पाणी."

"अरे, स्वच्छ आहे की," येल्का म्हणाली.

"एकच फवारा!"

त्याने केबिनमध्ये हात घालून बटण दाबलं, नळी उचलली आणि भाषण करायला लोकांकडे वळला.

खाली पिंजऱ्यात पंपाने पाणी ओढलं. माकूळ काही फार शूर प्राणी नाही. त्याला कुणी खेचायला लागलं तर त्याच्याकडे एकच उपाय असतो. तो त्याने केला. त्याच्या शेजाऱ्यानेही केला. मग सगळ्यांनी केला.

"याच्या आत रबरी पडदा आहे," लोव्रे लोकांना सांगत होता. "त्यामुळे—"

लोकांची तोंडं उघडी पडली. लोव्रेला वाटलं, कौतुक. त्याने छाती आणखी पुढे काढली. मागे डेकवर काळी धार पडत होती, जाड, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लोव्रे!" येल्का ओरडली.

"काय?" म्हणत तो वळला. नळीसकट वळला.

आधी बँड. मग डोन बेर्नार्द, डोक्यापासून पायापर्यंत. मग श्योरा फिलोमेना आणि तिच्या हातांवरची चादर. फ्लोरियान तेवढा वाचला, कारण उचलणारे चौघं एकदम खाली बसले. लोव्रेने घाबरून नळी टाकली आणि बटणाकडे धावला, त्यामुळे आता नळी डेकवर मोकळी नाचायला लागली, आणि जे कुणी राहिले होते तेही रंगले. लोव्रे काळ्या डेकवर घसरून आडवा झाला. शेवटी येल्काने होडीत उडी मारून पंप बंद केला.

पंपाचं मात्र मानलं पाहिजे. एकदाही अडला नाही.

तुतारीतून शाई ठिबकत होती. बार्बा झाने दगडावरून म्हणाला, "बादली निदान बघून ओततो माणूस."

श्योरा फिलोमेनाने चादर हळूहळू उलगडली. अर्धी पांढरी, अर्धी शिंतोडे. एक डाग नव्हता तो, डागांची जत्रा होती. तिने लोव्रेकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "डागवाले."

लोव्रे डेकवर बसलाच. उठला नाही. त्याचा पांढरा शर्ट, त्याचा पांढरा डेक, त्याच्या बापाची होडी. आता नातवंडांच्या लग्नातही हेच नाव वाचलं जाणार. येल्काने नवऱ्याला उपाशी बघितलं होतं, तापात बघितलं होतं, रागात तर रोज बघायची. असा बसलेला कधी बघितला नव्हता.

तेवढ्यात खाडीपलीकडे पेलिन्येच्या घंटा सुरू झाल्या. म्हणजे तिकडची माणसं धक्क्यावर येऊन उभी राहिली होती. आमचा संत येतो का, कसा येतो, आणि आल्यावर काय ओरडायचं, हे ठरवून.

येल्काने बाह्या वर केल्या.

"श्योरा फिलोमेना," ती म्हणाली, "डाग म्हणजे काय हो?"

"हे काय विचारणं झालं? पांढऱ्यावरचं काळं."

"आणि पांढरंच नसेल तर?"

श्योरा फिलोमेनाने चादर छातीशी धरली.

"पांढरं नसेल तर डाग कशावर पडणार? सगळी चादर एकसारखी काळी असेल तर कुणाला दाखवता येईल, हा बघा डाग म्हणून?"

"ही चादर माझ्या आजीने विणलीय, येल्का!"

"शिंतोडे पडलेली चादर तशीही पांढरी होणार नाही आता. अर्धवट न्यायची का पेलिन्येसमोर?"

पेलिन्येच्या घंटा पुन्हा वाजल्या. श्योरा फिलोमेनाच्या तोंडावर काय काय चाललं होतं ते सगळ्या गावाने बघितलं. एकीकडे चादर, एकीकडे पेलिन्ये.

"माझ्या हयातीत फ्लोरियानला उशीर झालेला नाही," ती शेवटी म्हणाली. "लवकर आटपा."

येल्का धावत जाऊन वाडगा आणि एक टब घेऊन आली. भातासाठी काढलेल्या सगळ्या पिशव्या टबात फोडल्या, वर समुद्राचं पाणी. लोव्रेने नळीचं टोक पिंजऱ्यातून काढून टबात घातलं. पंप लागला, धार आली, आणि हातात धार आली तसा तोही पुन्हा सरळ उभा राहिला. चादर डेकवर पसरली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, न थांबता, न ठिबकता. पाणी कमीजास्त झालं असतं तर पट्टे पडले असते. एकही पडला नाही.

"इकडे!" श्योरा फिलोमेना ओरडली. "तो कोपरा राहिला! डोळे आहेत का नाहीत? दुमड उघड, दुमड!"

मग डेकचा उरलेला भागही. मग डोन बेर्नार्दने स्वतःकडे बघितलं, दोन्ही हात बाजूला पसरले आणि डोळे मिटले.

"माझ्यावरही मार," तो म्हणाला. "ठिपक्याठिपक्यांचा पाद्री मला व्हायचं नाही."

बँडवाले न सांगताच रांगेत उभे राहिले.

*

पेलिन्येच्या धक्क्यावर सगळे तयार होते. सगळ्यांत पुढे त्यांच्या उत्सवाचा प्रमुख, आंद्रो. दरवर्षी ते काहीतरी ओरडतात. 'संत बुडाला वाटलं', 'होडी आहे का पाट', असं काहीबाही. आम्हीही त्यांच्या सणाला ओरडतो, त्यात काही नाही.

'गारोफुल' वळसा घालून समोर आली. काळा डेक. काळी चादर, ओली, उन्हात रेशमासारखी चमकणारी. काळ्या झग्यात पाद्री, काळ्या शर्टात बँड, सुकाणूवर काळा लोव्रे. आणि त्या सगळ्या काळ्याच्या मधोमध फ्लोरियान. गुलाबी गाल, सोनेरी शिरस्त्राण, लाल झेंडा. आम्ही त्याला जन्मापासून बघतोय, पण असा उठून दिसलेला कधी बघितला नव्हता. जणू आताच पेटलेल्या घरातून बाहेर पडला.

आंद्रोने ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं आणि टोपी काढली. मागच्यांनीही काढली. बायकांनी क्रूसाची खूण केली.

"फादर," आंद्रो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हा... हा रंग कशाचा?"

डोन बेर्नार्दने समुद्राकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं.

"फ्लोरियान आगीचा संत आहे," तो म्हणाला. "आगीनंतर काय उरतं, आंद्रो?"

"राख," आंद्रो पुटपुटला.

"तूच बोललास," पाद्री म्हणाला आणि बँडला खूण केली. बँड असा वाजला की विचारू नका. बेसुरा वाजला, पण असा वाजला.

परत आल्यावर चर्चच्या पायरीवर श्योरा फिलोमेनाने चादर उन्हात धरली. वरून बघितली, खालून बघितली. उलटी केली. कोपरा नाकाजवळ नेला. लोव्रे खाली टोपी चुरगाळत उभा. येल्काने त्याचा दंड धरला होता.

"डाग," श्योरा फिलोमेना मोठ्याने म्हणाली आणि थांबली. ती अशीच थांबते. "नाही."

गाव इतकं ओरडलं की घंटाघरातली कबुतरं उडाली. लोव्रेने येल्काला उचललं आणि तिच्या धुतलेल्या केसांचं पुन्हा वाटोळं केलं.

जेवायला मात्र भात पांढरा होता. सगळी शाई चादरीत गेली होती. बँडवाल्यांनी काळ्या हातांनी पांढरा भात खाल्ला आणि बार्बा झाने म्हणाला की हे दवाखान्यातलं जेवण आहे, पण त्याने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

*

पेलिन्येचा उत्सव उन्हाळ्यात असतो. त्याच्या थोडं आधी आंद्रो दोन माणसं घेऊन आमच्या धक्क्यावर उतरला. समोर श्योरा फिलोमेना भाजी घेऊन चालली होती.

"नमस्कार श्योरा. डागवाल्यांचं घर कुठलं हो?"

श्योरा फिलोमेनाने पिशवी खाली ठेवली.

"डागवाले? असं कुणी राहत नाही इथे."

"असं कसं? तो लोव्रे नाही का—"

"लोव्रे? पंपवाल्यांचा लोव्रे होय? मग तसं म्हणा. सरळ जा, हिरवी खिडकी."

लोव्रे अंगणात जाळं शिवत होता. आंद्रो आधी हवापाण्याचं बोलला, मग द्राक्षांचं, मग शेवटी मुद्द्यावर आला.

"लोव्रे, आपली चिडवाचिडवी काय, वरवरची असते. पण त्या दिवशी तुम्ही जे केलंत... आमच्याकडे अजून बोलतात. यंदा आम्हालाही तसंच करायचंय. सगळं काळं. लोक म्हणतात तुझ्या पंपाची कमाल आहे. कुठला घ्यायचा?"

लोव्रेने जाळं बाजूला ठेवलं. येल्काला वाइन आणायला सांगितली. आणि मग तो बोलायला लागला. गोड्या पाण्याचा का नको. मोठा का नको, बॅटरीचं काय होतं. रबरी पडदा. जाड वायर. फ्यूज. जाळी, गवत. त्याने काही लपवलं नाही. पंपाबद्दल त्याला जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, कागदावर नळीचं चित्रसुद्धा काढून दिलं. येल्का दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आणि बाकी काही?" आंद्रोने निघताना विचारलं.

"बाकी पंपच महत्त्वाचा," लोव्रे म्हणाला.

त्यांच्या उत्सवाच्या सकाळी आम्ही सगळे आमच्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. खाडीपलीकडे त्यांची होडी, त्यांचा बँड, नवीन पांढरे शर्ट मुद्दाम घातलेले, पाद्री हात पसरून डोळे मिटून उभा. आंद्रोने नळी उचलली. धार लागली. सरळ, जाड, उन्हात काचेसारखी लखलखणारी.

ते बराच वेळ फवारत होते.

मग लोव्रेच्या खिशातला फोन वाजला.

"लोव्रे!" आंद्रोचा आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "पाणी येतंय!"

"जोरात येतंय का?"

"जोरात येतंय रे, पण—"

"मध्येच अडतंय का?"

"अडत नाही! पण स्वच्छ येतंय! नुसतं स्वच्छ पाणी!"

लोव्रेने कमरेवर हात ठेवला, छाती पुढे काढली आणि पेलिन्येलाही फोनशिवाय ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मग? सांगितलं नव्हतं का तुला, चांगला पंप आहे म्हणून!"